पेनॉब्स्कॉटचा गाळ: नदीतला पारा मोजायचा कुठे?

अमेरिकेच्या मेन राज्यातल्या पेनॉब्स्कॉट नदीचे पाणी पिण्याच्या पाण्याच्या निकषावर तपासले असते, तर पाऱ्याच्या बाबतीत ते सहज उत्तीर्ण झाले असते. त्याच नदीच्या मुखाशी २०१४ मध्ये शेवंड (लॉब्स्टर) आणि खेकडे पकडण्यावर राज्य सरकारला बंदी घालावी लागली, कारण त्यांच्या मांसात पारा सापडला होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. नमुना कुठून घेतला, कशाचा घेतला आणि किती वर्षे घेत राहिलो, यावर नदीविषयीचा निवाडा किती बदलतो, हे या प्रकरणाइतके स्वच्छपणे फार थोड्या ठिकाणी दिसते. म्हणून ते सविस्तर मांडतो आहे.

कारखाना

बँगोर शहराच्या खाली ऑरिंग्टन गावी, नदीच्या अगदी काठावर, १९६७ च्या डिसेंबरात क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणारा कारखाना सुरू झाला. गिऱ्हाईक होत्या त्या भागातल्या कागद गिरण्या. पद्धत त्या काळी जगभर रूढ होती, तीच: मिठाच्या पाण्यातून वीज सोडायची, एका टोकाला क्लोरीन वायू सुटतो आणि दुसऱ्या टोकाला पसरलेल्या पाऱ्याच्या थरात सोडियम मिसळतो. पुढे पाण्याशी संयोग होऊन त्या मिश्रणातून कॉस्टिक सोडा बाहेर पडतो आणि पारा पुन्हा घटाकडे, म्हणजे वीज सोडतात त्या टाकीकडे, परततो. कागदावर हे चक्र बंद आहे. प्रत्यक्षात पारा गळतो, वाफ होऊन उडतो, धुण्याच्या पाण्यातून वाहून जातो, साचलेल्या रेंद्यात अडकतो. या कारखान्याचे सांडपाणी नदीत जात होते आणि रेंदा आवारातच पुरला जात होता.

पुढच्या तीन दशकांत मालक बदलत गेले. शेवटचा मालक होल्ट्राकेम. कारखाना २००० मध्ये बंद पडला आणि कंपनी गाशा गुंडाळून मोकळी झाली. सुरुवातीच्या मालकाची कायदेशीर वारस असलेली मॅलिनक्रॉट ही कंपनी तेवढी जाब विचारण्यासाठी शिल्लक राहिली. नदीत एकूण सहा ते बारा टन पारा गेला असावा, असा अंदाज नंतरच्या अभ्यासात निघाला. त्यातला बहुतेक सुरुवातीच्या काही वर्षांतच गेला होता. म्हणजे कारखाना बंद झाला तेव्हा मुख्य प्रदूषण होऊन जवळपास तीस वर्षे उलटून गेली होती. एवढ्या काळात नदीने आपले आपण सावरायला नको होते का, हाच प्रश्न पुढे वीस वर्षे न्यायालयात घोळत राहिला.

मोजायचे कोणी?

२००० मध्ये मेन पीपल्स अलायन्स आणि नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल या दोन संस्थांनी दावा दाखल केला. आधार होता कचऱ्याविषयीच्या १९७६ च्या संघराज्यीय कायद्याचा, जो सामान्य नागरिकांनाही दावा लावू देतो. २००२ मध्ये न्यायाधीश जीन कार्टर यांनी निकाल दिला. कोणी आजारी पडल्याचा पुरावा त्यांनी मागितला नाही. आरोग्याला आणि पर्यावरणाला गंभीर धोका संभवतो एवढे सिद्ध होणे त्यांना पुरेसे वाटले. मात्र सफाई करा असा थेट हुकूमही त्यांनी दिला नाही. आधी नदीचा स्वतंत्र अभ्यास व्हावा, तो न्यायालयाच्या देखरेखीखाली व्हावा आणि खर्च मॅलिनक्रॉटने द्यावा, असा आदेश निघाला. कंपनी अपिलात गेली, तिथे २००६ च्या अखेरीस हरली.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच. कंपनीने नेमलेला सल्लागार कंपनीला सोयीच्या जागी नमुने घेतो आणि फिर्यादीचा तज्ज्ञ सर्वांत काळ्या चिखलात हात घालतो. मग दोघांचे आकडे न्यायाधीशापुढे एकमेकांना छेद देत राहतात. इथे दोन्ही पक्षांनी सुचवलेल्या नावांतून तीन शास्त्रज्ञांचे मंडळ बसवले गेले: जॉन रुड, ख्रिस व्हिपल आणि निकोलस फिशर. अध्यक्ष रुड यांनी कॅनडात इंग्लिश-वॅबिगून नदीवर काम केले होते. तिथेही याच प्रकारच्या कारखान्यातून पारा वाहून आला होता आणि ग्रासी नॅरोज व व्हाइटडॉग इथल्या मूळनिवासी वस्त्यांना त्याची जबर किंमत मोजावी लागली होती. कुठला पक्ष काय म्हणेल याचा विचार न करता नदीला काय विचारायचे, ते या मंडळाला ठरवता आले. पहिला टप्पा २००६-०७ मध्ये झाला, दुसरा २०१२ पर्यंत चालला आणि अंतिम अहवाल २०१३ मध्ये न्यायालयापुढे आला.

पाण्याचा नमुना

पाऱ्याच्या मोजणीत पहिली अडचण पट्टीची असते. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम, म्हणजे १,००० नॅनोग्रॅम आहे. नदीच्या जीवसृष्टीचा प्रश्न मात्र एक-दोन आकडी नॅनोग्रॅमांत सुरू होतो. लिटरला एक नॅनोग्रॅम म्हणजे एक लाख कोटी भागांत एक भाग. इतक्या खाली मोजायचे तर नमुना घेणाऱ्याच्या श्वासाने, दातात भरलेल्या चांदीने, होडीच्या इंजिनाच्या धुरानेही आकडा बिघडू शकतो. १९९० च्या आधीचे पाण्यातल्या पाऱ्याचे जुने आकडे म्हणूनच जपून वापरावे लागतात; त्यांतले बरेचसे नदीपेक्षा बाटली आणि प्रयोगशाळा यांच्याबद्दल जास्त सांगतात.

यावर रुळलेला उपाय साधा आहे, पण शिस्त मागतो. होडीत दोघे जण. एकाच्या वाट्याला फक्त आम्लाने धुतलेली बाटली आणि तिची आतली पिशवी. तो दुसऱ्या कशालाही हात लावत नाही. बाहेरची पिशवी उघडणे, दोरी सोडणे, नोंद करणे ही बाकीची कामे दुसरा करतो. बरोबर शुद्ध पाण्याची एक बाटली नेतात, तिथेच उघडून बंद करतात आणि तीही तपासतात. तिच्यात पारा निघाला तर तो दिवस वाया गेला असे धरतात. प्रयोगशाळेत पाण्यातला सगळा पारा आधी एका रूपात आणतात, मग त्याची वाफ करून सोन्यावर अडकवतात आणि प्रकाशाच्या साहाय्याने मोजतात. या पद्धतीने लिटरला ०.२ नॅनोग्रॅमपर्यंत उतरता येते.

आणि एवढे सगळे नीट केले, तरी पाण्याचा एक नमुना फार थोडे सांगतो. पारा पाण्यात विरघळून राहण्यापेक्षा बारीक गाळाच्या कणांना आणि कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाला चिकटणे पसंत करतो. भरतीच्या जोरात चिखल ढवळला गेला की आकडा चढतो आणि पाणी स्थिरावले की उतरतो. सकाळी अकराला पुलावरून बादली सोडणारा माणूस आणि दुपारी तीनला सोडणारा माणूस एकाच नदीच्या दोन वेगळ्या गोष्टी सांगू शकतात, आणि दोघेही प्रामाणिक असतात.

फिरता गाळ

खरे उत्तर गाळात होते, पण तेही सरळ नव्हते.

गाळाचा अभ्यास दोन तऱ्हांनी करतात. वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर खरवडून घेतला तर आज प्राणी कशात जगत आहेत ते कळते. नळी खोलवर दाबून गाळाचा उभा खांब काढला तर नदीचा इतिहास हाती लागतो. खांबाच्या चकत्या करायच्या आणि प्रत्येक चकतीचे वय काढायचे. त्यासाठी निसर्गात सतत पडत राहणारे शिसे-२१० उपयोगी पडते, कारण त्याचे प्रमाण साधारण २२ वर्षांत निम्मे होते. जोडीला असते सीझियम-१३७, जे अणुचाचण्यांमुळे १९६३ च्या सुमारास सर्वाधिक पडले आणि गाळात त्या वर्षाची खूण सोडून गेले. पेनॉब्स्कॉटच्या अशा खांबांत खालचे थर तुलनेने स्वच्छ निघाले, कारखाना सुरू झाला त्या सुमाराच्या थरात पारा एकदम उसळलेला दिसला आणि तिथून वर तो कमी होत गेला. कमी होत गेला, पण पूर्वपदाला आला नाही. गेल्या वीसेक वर्षांच्या थरांत उतार जवळजवळ सपाट झालेला होता.

पारा कारखान्याचाच कशावरून? कोळशाच्या धुरातून तो हवेमार्गे सगळीकडेच पडत असतो. म्हणून मंडळाने कारखान्याच्या बऱ्याच वर, व्हीझी धरणापलीकडचा पट्टा तुलनेसाठी निवडला. तिथेही धूर पोचतो, गावे आहेत, जुन्या गिरण्या आहेत. नाही तो फक्त हा कारखाना. वरच्या आणि खालच्या गाळातला फरक इतका ठळक होता की हवेतून आलेल्या पाऱ्याने तो भरून निघत नव्हता. अशी तुलनेची जागा नीट निवडली नाही, तर बाकीचे शेकडो नमुने उलटतपासणीत टिकत नाहीत. दुसरी काळजी कणांच्या आकाराची. वाळूवर पारा टिकत नाही, चिकणमातीवर टिकतो. त्यामुळे वाळूच्या जागी घेतलेला नमुना नदीला फुकटचे प्रशस्तिपत्र देतो. प्रत्येक नमुन्यात सेंद्रिय अंश आणि बारीक कणांचे प्रमाण मोजून मगच आकडे शेजारी ठेवावे लागतात.

तीस वर्षांत स्वच्छ गाळ वरून येऊन जुना गाळ पुरला का गेला नाही? या प्रश्नाचे उत्तर सापडले ते मला या अभ्यासाचे शिखर वाटते. खाडीत वरच्या बाजूने गोडे पाणी समुद्राकडे जाते आणि तळाशी जड खारे पाणी आत सरकते. तळाचा हा प्रवाह बारीक चिखलाला समुद्रात सुटू देत नाही, पुन्हा वर ढकलतो. त्यामुळे नदीमुखाजवळच्या व्हेरोना बेटाच्या आसपास आणि त्याच्या वर सैल, मऊ चिखलाचा मोठा साठा अडकून पडला आहे. वुड्स होल इथल्या समुद्रविज्ञान संस्थेतले रॉकी गायर आणि डेव्हिड रॅल्स्टन यांनी प्रवाहाच्या मोजमापांतून हा साठा तीन लाख टनांहून अधिक असल्याचे दाखवले. प्रत्येक भरतीला तो उठतो, पसरतो, बसतो. वरून येणारा स्वच्छ गाळ आधी या साठ्यात मिसळतो, पारा अंगाला लावून घेतो आणि मग कुठेतरी स्थिरावतो. नदी रोज नवा गाळ आणते आणि रोज तो स्वतःच मळवते. शिवाय साठा वर-खाली फिरत असल्यामुळे पारा कारखान्याच्या वरच्या अंगालाही पोचला होता. ‘कारखान्यापासून खाली अमुक अंतरावर नमुना’ असा ठोकळेबाज आराखडा भरतीच्या नदीत का फसतो, ते यातून कळते.

कंपनीचे म्हणणे होते की नदी आपोआप सुधारते आहे. गाळाच्या थरांनी त्याला एका अर्थी दुजोराच दिला. फक्त वेग असा निघाला की पारा निम्म्यावर यायलाच अनेक दशके जावीत.

चिमण्या, बदके, शेवंड

गाळातला पारा जसाच्या तसा अंगात फारसा भिनत नाही. प्राणवायू नसलेल्या चिखलात काही जिवाणू त्याचे मिथिल मर्क्युरी हे सेंद्रिय रूप बनवतात आणि ते मात्र शरीरात ठाण मांडते. या रूपांतरामागची जनुकांची जोडी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी शोधून काढली. खाऱ्या पाण्यातले सल्फेट, कुजणारे गवत आणि रोज भिजणारी-सुकणारी जमीन जिथे एकत्र येते तिथे हे काम जोरात चालते. पेनॉब्स्कॉटवर अशी जागा म्हणजे मेंडॉल मार्श, खारगवताची दलदल. तिथल्या गाळात एकूण पारा मुख्य पात्राहून फार वेगळा नव्हता, पण तिथल्या नेल्सन चिमण्यांच्या रक्तातला पारा धक्कादायक होता. हा पक्षी दलदलीतले कोळी आणि कीटक खातो; कोळी स्वतः शिकारी असल्याने साखळीत एक पायरी वाढते आणि पायरीगणिक पारा चढतो. वसंतात पक्षी दक्षिणेकडून कमी पारा घेऊन येतात आणि काही आठवड्यांत रक्तातले प्रमाण झपाट्याने वाढते. पारा याच दलदलीतला, याचा इतका थेट पुरावा कुठलाही गाळ देऊ शकला नसता. तिथल्या काळ्या बदकांच्या मांसातही पारा निघाला आणि ते खाण्याबाबत राज्याने शिकाऱ्यांना इशारा दिला.

मग आले शेवंड, मेनचा मानबिंदू आणि किनाऱ्यावरच्या असंख्य घरांची रोजीरोटी. अभ्यासातले आकडे पाहून राज्याने फेब्रुवारी २०१४ मध्ये नदीमुखाचा सात चौरस मैलांचा भाग शेवंड-खेकड्यांच्या मासेमारीला बंद केला आणि २०१६ मध्ये आणखी साडेपाच चौरस मैल त्यात घातले. पाऱ्याचे प्रमाण डबाबंद पांढऱ्या ट्यूनाइतके होते. म्हणजे एखाद्या जेवणाने कोणी कोसळणार नव्हते. काळजी गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांची होती. एवढ्यावर बंदी घालणे धाडसाचे होते, कारण त्याने साऱ्या राज्याच्या शेवंडांचे नाव खराब होईल अशी भीती धंद्याला होती. सरकारने हद्दी आखून आकड्यांसह माहिती जाहीर केली. मला हे योग्य वाटते. लपवलेला आकडा उशिरा बाहेर आला की त्या खाडीतला प्रत्येक मच्छीमार, दोष नसताना, संशयात सापडतो.

प्राण्यांच्या अंगात मोजण्याचे तत्त्व आता अधिकृतही आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००१ मध्ये मिथिल मर्क्युरीचा निकष पाण्याऐवजी माशाच्या मांसात ठरवला: किलोला ०.३ मिलिग्रॅम.

निकाल आणि पुढचे काम

२०१४ मध्ये पुन्हा सुनावणी झाली आणि सप्टेंबर २०१५ मध्ये न्यायाधीश जॉन वुडकॉक यांनी नदीला तिच्या नशिबावर न सोडता प्रत्यक्ष उपाय शोधावेत असे ठरवले. त्यानंतर अभियांत्रिकी अभ्यास झाला. गाळ उपसावा तर ढवळून पारा उठतो, झाकावा तर भरती आवरण खाते, दलदल खरवडावी तर दलदलच जाते. मेंडॉल मार्शमध्ये सक्रिय, म्हणजे प्रदूषके धरून ठेवणाऱ्या, कोळशाचा पातळ थर पसरून पाहिला, तेव्हा गाळातल्या पाण्यातला पारा कमी झाला. गवत न उपटता करता येणारा तो उपाय आश्वासक आहे. अखेर २०२१ मध्ये तडजोड पुढे आली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाने ती मान्य केली: कंपनीने किमान १८ कोटी ७० लाख डॉलर द्यायचे, गरज पडल्यास २६ कोटी ७० लाखांपर्यंत. काम स्वतंत्र विश्वस्त संस्थांकडे सोपवले गेले आणि रकमेतला एक भाग केवळ दीर्घकाळच्या निरीक्षणासाठी बाजूला काढला. सफाई झाली की मोजणी संपते, असे या करारात गृहीत धरलेले नाही.

भारताकडे निघालेला पारा

या कारखान्याचा आपल्याशीही संबंध येतो. २००० मध्ये तो बंद झाला तेव्हा घटांत सुमारे ११८ टन पारा उरला होता. मेन राज्याने तो संघराज्याच्या साठ्यात ठेवून घेण्याची विनंती केली. ती मान्य झाली नाही. व्यापाऱ्याने तो विकायला काढला आणि पहिली खेप भारताकडे निघाली. इथल्या पर्यावरण कार्यकर्त्यांनी आणि गोदी कामगारांनी विरोध केला, माल उतरवणार नाही म्हणून सांगितले आणि खेप परत फिरली. पुढे २००१ च्या मार्चमध्ये तमिळनाडूतल्या कोडाईकॅनॉलच्या थर्मामीटर कारखान्यातली पाऱ्याने माखलेली काच भंगारवाल्याकडे सापडली आणि तोही कारखाना बंद झाला. तिथली यंत्रसामग्रीदेखील अमेरिकेतूनच, न्यूयॉर्क राज्यातून, आली होती. श्रीमंत देश नको असलेला पारा गरीब देशाकडे ढकलतो याचे हे दोन ढळढळीत पुरावे. अमेरिकेने पाऱ्याच्या निर्यातीवर बंदी घालणारा कायदा २००८ मध्ये केला, तो २०१३ पासून लागू झाला.

उल्हास

कर्जतच्या डोंगरांतून उतरून बदलापूर, कल्याण करत वसईच्या खाडीला जाणारी उल्हास नदी ही पेनॉब्स्कॉटशी तुलना करण्याजोगी आपली नदी. कल्याण परिसरातही पाऱ्याच्या घटांवर कॉस्टिक सोडा बनत होता. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी उल्हासच्या खाडीतल्या गाळात पारा मोजून तो औद्योगिक सांडपाण्याशी जोडून दाखवला आहे. २००३ नंतर देशभरात हे घट टप्प्याटप्प्याने काढून पारा न लागणारी मेम्ब्रेन पद्धत आली, २०१८ मध्ये भारताने पाऱ्याला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार मंजूर केला. नवा पारा जवळपास थांबला. जुना खाडीच्या चिखलात आहे.

नियमित निरीक्षणात आपला भर पाण्यातला प्राणवायू, बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू), कोलिफॉर्म (मैल्यातले जिवाणू) यांवर असतो. ते मोजायलाच हवे, पण त्यातून हा पारा दिसणार नाही. उल्हासच्या खाडीत तर आणखी एक गोष्ट आहे, जी पेनॉब्स्कॉटवर नव्हती: रेतीचा उपसा. सक्शन पंप तळ पोखरतो तेव्हा रेतीबरोबर दशकांपूर्वी पुरलेला चिखल वर येतो आणि भरतीबरोबर फिरू लागतो. वयाच्या खुणा असलेले गाळाचे खांब मोहोन्यापासून घोडबंदरपर्यंत ठरावीक जागी, दर काही वर्षांनी, उपशाच्या आणि बिनउपशाच्या दोन्ही पट्ट्यांत घेतले पाहिजेत. तुलनेसाठी बदलापूरच्या वरचा गोड्या पाण्याचा पट्टा आहे, आणि भरतीच्या पाण्यासाठी कारखाने नसलेली एखादी खाडीही शेजारी ठेवावी लागेल.

प्राणी निवडायला तर आपले कोळी बांधव कुठल्याही तज्ज्ञापेक्षा जास्त मदत करतील. निवटी ही छोटी मासळी चिखलातच राहते, चिखलातच खाते आणि लांब जात नाही. चिंबोरी एक पायरी वर असते. दोन्ही कोळीवाड्यांतल्या ताटात येतात. त्यांच्या मांसातले मिथिल मर्क्युरी हंगामवार मोजायचे, नमुन्याची जागा कोळ्यांबरोबर बसून ठरवायची आणि आकडा आला की पहिल्यांदा त्यांनाच मराठीत सांगायचा. त्या घरांतल्या गरोदर बाईने आठवड्यातून किती वेळा आणि कुठल्या खाडीतली निवटी खावी, हे सांगता येईल इतपत मोजणी झाली पाहिजे.